वरच्या दाढेचा इम्प्लांट: ‘हाड कमी आहे’ म्हणजे किती, ते आधी विचारा

वरची दाढ काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं आणि वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली सरकते. मग डॉक्टर म्हणतात, ‘सायनस लिफ्ट करावी लागेल.’ लगेच घाबरू नका. स्कॅनवर हाडाची उंची किती मिलीमीटर आहे, तेवढं विचारा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

साधारण ५-६ मिलीमीटर हाड असेल तर इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच सायनसचा पडदा हळूच वर ढकलतात आणि इम्प्लांटही बहुधा त्याच दिवशी बसवतात. जखम लहान, सूज कमी. पण उंची थोडीच वाढते, आणि पडदा फाटला तर चटकन कळत नाही.

हाड त्याहून बरंच कमी असेल तर हिरडी उघडून बाजूने खिडकी पाडतात, पडदा उचलून खाली हाडाची पूड भरतात. अगदीच पातळ हाडात इम्प्लांटसाठी ६ ते ९ महिने थांबावं लागतं. खर्च वाढतो, शहराच्या फेऱ्याही.

६-७ मिलीमीटर हाड असेल तर ‘आखूड इम्प्लांट चालेल का?’ हेही विचारा. कधी कधी लिफ्ट टळते. तंबाखू-बिडी असेल तर लपवू नका, जखम भरायला अडचण येते. लिफ्टनंतर डॉक्टर सांगतील तोवर नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची.