फ्रीहब : दुरुस्ती की बदली?

पेडल मारलं, साखळी फिरली, पण चाक फिरलंच नाही. वर्धा रोडच्या सिग्नलवर उभं राहून पेडल मारताना असं झालं, तर तुम्ही थेट हँडलवर आपटता. मागे बस असेल तर विचारायलाच नको.

पण खर्च करण्याआधी गृहीतक तपासा. झिजलेली साखळीही अशीच घसरते. एकेक गिअर बदलून बघा : एक-दोन चक्रांवरच घसरत असेल तर संशय साखळी-कॅसेटवर, सगळ्यांवर घसरत असेल तर फ्रीहबवर. साखळी मोजाच. नव्या साखळीत १२ इंचांत खिळे बरोबर जुळतात. १/८ इंच पुढे गेले तर ती संपली.

फ्रीहबच्या आत स्प्रिंगवरचे छोटे खटके दातेरी कड्यात अडकतात. पावसाळ्यातल्या चिखलाने किंवा जाड ग्रीसने ते चिकटले असतील, तर रॉकेलने धुऊन पातळ तेल सोडलं की काम होतं. (जाड ग्रीस पुन्हा भरू नका, डिसेंबरच्या पहाटे तेच घट्ट होतं.) खटक्यांची टोकं गोल झाली असतील, तर मात्र सफाई व्यर्थ. शिमानोच्या बऱ्याच हबांत हा भाग १० मिमीच्या अ‍ॅलन कीने निघतो, तेवढाच बदला. दातेरी कडं हबच्या कवचातच असेल आणि तेच झिजलं असेल, तर आख्ख्या चाकाचा हिशोब मांडा.

सफाईनंतर एक फेरी नीट झाली, हा पुरावा नव्हे. आठवडाभर गल्लीबोळांत, बसूनच चालवा. एकदा जरी घसरली, तर बदला.