ईलीचं बेट, विकेनचं पाणी

केंब्रिजला पाहुणे आले की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. किंग्ज कॉलेजचं चॅपल, कॅम नदीत पंटिंग, ट्रिनिटीच्या दाराजवळचं न्यूटनचं म्हणून दाखवलं जाणारं सफरचंदाचं झाड आणि उरलेल्या दिवसांत लंडन. फार तर ईलीचं कॅथीड्रल, कारण रेल्वेने पंधरा मिनिटांत पोचता येतं. या पंधरा मिनिटांत खिडकीबाहेर सरळसोट कालवे आणि काळ्या मातीची सपाट शेतं दिसतात. डोंगर नाही, झाडी बेताची. सह्याद्री बघितलेल्या डोळ्यांना यात काय बघायचं हे कळत नाही, आणि आपण पुन्हा फोनमध्ये डोकं घालतो.

या सपाट प्रदेशात जवळजवळ सवाशे वर्षं राखून ठेवलेला एक पाणथळ तुकडा आहे. तो कसा राखला, कशासाठी राखला आणि त्यावरून आजही वाद का होतात, हे समजलं की खिडकीबाहेरचा देखावा वेगळा दिसू लागतो. म्हणून हा लेख.

पाण्यातलं बेट

केंब्रिजच्या उत्तरेचा हा सारा भाग म्हणजे फेनलँड. आजूबाजूच्या परगण्यांतल्या नद्या इथून ‘वॉश’ नावाच्या समुद्राच्या खाडीकडे जातात. जमिनीला उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी इथेच रेंगाळायचं. त्यात वाढणारे बोरू, लव्हाळे मेले की पाण्याखाली पुरते कुजत नसत. हजारो वर्षं ते एकावर एक साठत गेले आणि त्यांची काळी, मऊ माती झाली. तिलाच पीट म्हणतात.

या दलदलीतून चिकणमातीचे काही उंचवटे वर आलेले होते. त्यांतला सर्वांत मोठा ईलीचा. ते खरोखरच बेट होतं. ईल मासे विपुल, म्हणून ईली, असं आठव्या शतकातल्या बीड या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. विल्यम राजाने इंग्लंड जिंकल्यावर हेरेवर्ड नावाच्या बंडखोराने 1071 पर्यंत हे बेट लढवलं. त्याच्याकडे बुलंद तटबंदी नव्हती. चारी बाजूंची दलदल हाच त्याचा किल्ला होता. जंजिरा, सिंधुदुर्ग माहीत असलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट एका वाक्यात कळते.

पुढे बिशपांची सत्ता असलेला हा स्वतंत्र मुलूख झाला. 1889 ते 1965 या काळात तर ‘आयल ऑफ ईली’ नावाचा वेगळा परगणाच होता. बेटाभोवतालचं पाणी मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं.

सतराव्या शतकात बेडफर्डचा अर्ल आणि त्याच्याबरोबर पैसा लावणारे गुंतवणूकदार यांनी कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच इंजिनीअरकडून पाण्याचा निचरा करवला. स्वतःचा पैसा धोक्यात घातला म्हणून त्या गुंतवणूकदारांना ‘ॲडव्हेंचरर्स’ म्हणत, आणि बदल्यात त्यांना जमिनी मिळाल्या. मासे, पक्षी आणि बोरूवर जगणाऱ्या इथल्या लोकांनी विरोध केला, बांध फोडले. पण काम थांबलं नाही. आज मूळ दलदलीपैकी एक टक्काही उरलेली नाही.

खचणारी जमीन

निचरा झाल्यावर इंग्लंडमधली सर्वांत कसदार जमीन हाती आली. बटाटे, कांदे, बीट, गाजर, लीक, सेलरी... सुपरमार्केटमधून आपण जी भाजी आणतो तिच्यातली बरीचशी इथलीच. पण पाणी गेल्याबरोबर पीट आकसायला लागलं. हवेशी संबंध आला की त्यातला हजारो वर्षं साठलेला कार्बन वायू होऊन उडून जातो. उरलेली भुकटी वसंतातल्या कोरड्या वाऱ्यावर उधळते.

हे मोजायची सोय पीटरबरोजवळ होम फेन इथे आहे. 1851 च्या सुमारास तिथलं व्हिटल्सी मीअर हे मोठं तळं आटवलं, तेव्हा एक लोखंडी खांब जमिनीत असा पुरला की त्याचं टोक जमिनीच्या पातळीला राहील. आज तो खांब सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. खांब जागचा हललेला नाही, जमीन खाली गेली आहे. ब्रिटनमधली सर्वांत सखल जमीन हीच, समुद्रसपाटीखाली 2.75 मीटर.

माझे सासरे, अण्णा, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. ते इथे आले तेव्हा त्यांना चॅपलपेक्षा शेतं बघायची होती. विकेनच्या वाटेवर एका शेताच्या कडेला आम्ही उतरलो. त्यांनी मूठभर माती उचलली, चुरगाळली, हुंगली.

“ही माती नाही गं पोरी, हे नुसतं शेणखत आहे.”

मग ते बांधावर चढले आणि गप्प झाले. बांधापलीकडच्या कालव्यातलं पाणी आमच्यामागच्या शेतापेक्षा चांगलं पुरुषभर उंचावर होतं. आपल्याकडे पाटाचं पाणी उतारावरून शेतात येतं. इथे शेतातलं पाणी पंपाने वर पाटात चढवतात, तिथून ते नदीत आणि नदीतून समुद्रात जातं. आधी पवनचक्क्या होत्या, मग वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता वीज. जमीन जितकी खचेल तितकं पाणी अधिक उंच चढवायचं. मी अण्णांना होम फेनच्या खांबाचं सांगितलं.

“म्हणजे हे लोक पीक काढत नाहीत,” ते म्हणाले, “मुद्दल काढतायत.”

दहा पौंडांना दोन एकर

विकेन फेन हे ईलीच्या दक्षिणेला, केंब्रिजपासून गाडीने अर्ध्या तासावर. निचऱ्याच्या धामधुमीतून हा तुकडा वाचला, कारण गावकरी तिथून छपराचं गवत आणि जळणाचं पीट नेत असत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जोडीला किडे-पतंग गोळा करणारे हौशी लोक आले. केंब्रिजला विद्यार्थी असताना चार्ल्स डार्विनला भुंगेऱ्यांचं वेड होतं. फेनमधून बोरू घेऊन येणाऱ्या पडावांच्या तळाशी साठलेला केरकचरा तो मजुराकडून गोळा करून घ्यायचा आणि त्यात दुर्मीळ भुंगेरे शोधायचा.

नॅशनल ट्रस्टची स्थापना 1895 ची. 1899 मध्ये ट्रस्टने विकेनमधली दोन एकर जागा दहा पौंडांना विकत घेतली. निसर्गासाठी म्हणून राखलेली ही त्यांची पहिली जागा. दोनच वर्षांनी चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी आणखी जमीन दान दिली.

या रॉथ्सचाइल्डचा आपल्याशीही एक धागा आहे. घराणं बँकवाल्यांचं, पण याला नाद पिसवांचा. उंदरावरच्या ज्या पिसवेचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण त्याने 1903 मध्ये केलं, तीच प्लेग पसरवते हे पुढे मुंबईतल्या प्लेग संशोधनातून सिद्ध झालं. पुण्यातला 1897 चा प्लेग, रँड, चाफेकर बंधू हे सगळं आपण शाळेत शिकलो. त्या साथीमागच्या पिसवेला नाव देणारा माणूस इकडे दलदली विकत घेत होता. 1910 मध्ये त्याने वुडवॉल्टन फेन घेतलं आणि 1912 मध्ये देशभरातल्या राखण्याजोग्या जागांची यादी करण्यासाठी संस्था काढली. आजच्या वाइल्डलाइफ ट्रस्ट्सचं मूळ तिच्यात आहे.

राखायचं म्हणजे काय करायचं?

आपल्याकडे देवराई राखायची म्हणजे हात लावायचा नाही. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. विकेनला सुरुवातीला असंच वाटलं होतं. जागा घेतली, आता निसर्ग आपलं बघून घेईल. पण गवत कापणं कमी झालं तशी झुडपं माजली आणि ज्या फुला-किड्यांसाठी जागा घेतली तेच मागे हटायला लागले.

इथलं मुख्य गवत म्हणजे सेज. पात्याच्या कडा करवतीसारख्या, हात कापणाऱ्या. छपराच्या आढ्यावर घालायला हे गवत लागतं. विकेनमध्ये ते कापल्याची पहिली लेखी नोंद 1414 ची आहे. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी गॉडविन यांनी 1927 मध्ये इथे शेजारी शेजारी पट्टे आखले. एक दरवर्षी कापायचा, एक दोन वर्षांनी, एक तीन, एक चार वर्षांनी आणि एकाला हातच लावायचा नाही. न कापलेल्या पट्ट्याचं दाट झुडपी रान झालं. चार वर्षांनी कापलेल्यात सेज टिकलं. दरवर्षीच्या कापणीत सेज हटून दुसरी गवतं आणि फुलं आली. शेकडो वर्षांच्या कापणीनेच इथला निसर्ग घडवला होता, हे त्यातून दिसलं. आज इथे 9,000 हून अधिक जातींच्या वनस्पती आणि जिवांची नोंद आहे.

आपल्याकडेही कासच्या पठारावर कुंपण असावं की नसावं, गुरं चरू द्यावीत की नाही, हा वाद झालाच. देवराईचा नियम देवराईला आणि पठाराचा पठाराला.

विकेनची दुसरी अडचण पाण्याची. आजूबाजूची शेतं खचत गेली, हा तुकडा ओला म्हणून उंचच राहिला. पूर्वी पाण्यात जमिनीची बेटं होती, आता कोरड्या जमिनीत हे पाण्याचं बेट आहे. पाणी सगळीकडून निसटू बघतं, म्हणून बांधाच्या पोटात पाणी न झिरपू देणारा पडदा घातला आहे. तिथली छोटी लाकडी पवनचक्की शेजारच्या ‘ॲडव्हेंचरर्स फेन’मधून पाणी काढून टाकण्यासाठी बांधली होती. 1956 मध्ये ती इथे हलवली. आता तीच चक्की राखीव भागात पाणी चढवते.

सगळंच वाचलं असं नाही. स्वॅलोटेल हे पिवळं-काळं देखणं फुलपाखरू 1950 च्या दशकात विकेनमधून गेलं. 1970 च्या दशकात पुन्हा आणून सोडलं, पण टिकलं नाही.

भाकरी की बोरू?

1999 मध्ये शंभरी साजरी करताना ट्रस्टने पुढच्या शंभर वर्षांचा आराखडा मांडला. आसपासची शेतं हळूहळू विकत घेऊन, केंब्रिजच्या वेशीपर्यंत 53 चौरस किलोमीटरचा पाणथळ पट्टा करायचा. घेतलेल्या जमिनीत कोनिक जातीची घोडी आणि हायलंड गुरं मोकळी चरतात.

गावातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना हे पटलं नाही. पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या चिखलातून काढलेली जमीन पुन्हा पाण्यात घालायची? अण्णा त्यांच्याच बाजूचे. मुद्दलाची गोष्ट पटूनही ते म्हणाले, “उद्या धान्याची टंचाई झाली तर हे लोक बोरू खाणार का?” प्रश्न पोकळ नाही. दुसऱ्या महायुद्धात ॲडव्हेंचरर्स फेनमधलं पाणी काढून तिथे पिकं घेतली होती ती याच कारणासाठी.

माझं मत वेगळं आहे. त्यांच्या गावापासून जवळच नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शतकभरापूर्वी सिंचनासाठी बंधारा घातला, गाळ साठला, दलदल झाली, पक्षी आले. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. विकेनही रामसर यादीत आहे. माणसाने केलेल्या पाण्याला निसर्गाने आपलं म्हटलं, आणि भोवतीच्या द्राक्षबागा काही बंद पडल्या नाहीत. इथे तर जमिनीचीच मुदत संपत आली आहे. पीट पुरतं उडून गेल्यावर खालच्या चिकणमातीत आजचं पीक येणार नाही. पीट ओलं राहिलं तर निदान टिकेल. ज्यांच्या जमिनी घ्यायच्या त्यांचा संसार या हिशेबात कुठे बसतो, याचं उत्तर मात्र अण्णांना देता आलं नाही, आणि ते अजून माझ्याकडे नाही.

जायचं असेल तर

विकेनला लाकडी फळ्यांची पायवाट आहे, साधारण सव्वा किलोमीटरची. व्हीलचेअर, बाबागाडी आरामात जाते, त्यामुळे भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही नेता येतं. मे-जूनमध्ये कोकिळा ऐकू येते (इथली कोकिळा ‘कुक्कू’ म्हणते, आपली ‘कुहू’). मोठ्या मुलांबरोबर सायकलने जायचं तर बॉटिशमहून ‘लोड्स वे’ हा मार्ग आहे. वारा समोरून असेल तर सपाट रस्त्यावरही दम निघतो, एवढं ध्यानात ठेवा.

दिवाळीच्या दिवसांत मात्र वेल्नीला जा. ईलीच्या उत्तरेला ऊझ वॉशेस म्हणून पट्टा आहे. व्हर्मायडनच्या दोन सरळ नद्यांच्या मधली, सुमारे 30 किलोमीटर लांबीची ही गवताळ जागा हिवाळ्यात मुद्दाम बुडू देतात. आइसलंडहून आलेले हूपर हंस तिथे थंडी काढतात. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात त्यांना दाणे टाकतात, ते काचेआड उबेत बसून बघता येतं. कधी उशिरा परतणारे क्रौंचही दिसतात. शेकडो वर्षं इंग्लंडमधून नाहीसे झालेले हे पक्षी आता या भागात पुन्हा घरटी करतात. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येतात तेच हे.

निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. गमबूट, टोप्या आणि चहाचा थर्मास बरोबर हवाच. फराळाचा डबा न्या, पण चकलीचा तुकडाही पाण्यात टाकू नका. आणि मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी गार्डन सेंटरमधून मातीची पिशवी आणाल तेव्हा तिच्यावर ‘पीट-फ्री’ लिहिलंय ना, तेवढं पाहून घ्या.