वृद्ध सशाचे दुखणे : ओळख व उपचार

बैल दुखण्यास आला की गोठ्यातील कोणाच्याही ते ध्यानात येते. सशाचे तसे नाही. इतर प्राण्यांचे भक्ष्य असलेला हा जीव स्वभावतःच दुखणे लपवितो. ते उघड दिसू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. घरी पाळलेला ससा साधारणतः ८ ते १० वर्षे जगतो. म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षानंतर त्याची रोज पाहणी करणे अगत्याचे होय.

लक्षणे

(१) लेंड्या : निरोगी सशाच्या लेंड्या गोल, एकसारख्या व विपुल असतात. त्या बारीक होणे हा पहिला इशारा समजावा. १२ तास चारा व लेंडी दोन्ही बंद असल्यास आतडी मंदावली असे धरून त्वरित उपचार करवावेत.

(२) दात : सशाचे दात जन्मभर वाढतात. चाऱ्याने ते झिजले नाहीत, तर जीभ व गाल जखमी होतात. लाळ गळणे, चारा तोंडात धरून टाकून देणे, ही त्याची खूण.

(३) सांधे : सांधे दुखणाऱ्या सशास अंग साफ ठेवता येत नाही. मागील भाग मळला की पावसाळ्यात तेथे माशा अंडी घालतात व अळ्या पडतात.

(४) मादी : पिले न झालेल्या वयस्क मादीच्या लघवीत रक्त दिसल्यास गर्भाशयात गाठ असण्याचा संभव असतो.

उपचार

दर आठवड्यास वजन करून नोंद ठेवावी. मारवेल किंवा हरळीचे वाळलेले गवत सदैव पुढे असावे. धान्य बेताचेच द्यावे. बसण्याची जागा मऊ व कोरडी ठेवावी. छत्रपती संभाजीनगर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसपलीकडे जातो. सशास मात्र ३० अंशांपुढेच त्रास होतो. धाप लागल्यास सावलीत घेऊन कान साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फ लावू नये.

घरातील औषधे मुळीच देऊ नयेत. पेनिसिलीन वर्गातील औषध तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवरील फिप्रोनिल सशास घातक आहे. पोट फुगले असता बळेच भरवू नये, कारण सशास वांती होत नाही.

अशा वेळी नजीकच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे अथवा १९६२ या क्रमांकावर विचारणा करावी. सशाचे वय, वजन, शेवटचे खाणे व शेवटची लेंडी यांची वेळ सांगितल्यास निदान लवकर होते. ग्रामसेवक बंधूंनी एवढी माहिती ससे पाळणाऱ्या प्रत्येक घरी पोहोचवावी.