मोटरहोमवाल्यांनो, मुक्काम बदलला की चॅनल पुन्हा शोधा!

अमेरिकेत मोटरहोम घेऊन भटकणाऱ्यांसाठी १२ जून २००९ ही तारीख महत्त्वाची! त्या दिवशी तिथल्या मोठ्या टीव्ही केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं, उरलं फक्त डिजिटल.

जुन्या टीव्हीला कन्व्हर्टर बॉक्स लागू लागला. त्यासाठी सरकारने घरटी ४० डॉलरची दोन कूपनं देऊ केली होती. टपावरचा चांगला अँटेना मात्र बहुतेकांना तसाच चालला.

खरा फरक पडला तो मुक्कामावर. पूर्वी सिग्नल कमी असला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण बातम्या कळायच्या. डिजिटलमध्ये चित्र एक तर लख्ख, नाहीतर चौकोनी तुकडे होऊन गायब!

म्हणून नव्या गावी पोचलात की:
✅ आतला दांडा फिरवून अँटेना वर करा
✅ केंद्राच्या दिशेला वळवा
✅ टीव्हीच्या मेन्यूतून चॅनल स्कॅन करा
✅ काही सापडलं नाही तर अँटेना किंचित वळवून पुन्हा स्कॅन

फायदाही मोठा आहे. एकाच केंद्राचे दोन-तीन उपचॅनल दिसतात, तेही फुकट.

आणि निघण्याआधी अँटेना खाली घ्यायला अजिबात विसरू नका! 🚐📺