तबकडीची खरखर आणि नवी कला

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाच्या मंदिराचा खालचा भाग कोरीव पाषाणाचा असून वरचा भाग मागाहून बांधलेला आहे. दोहोंमधील फरक लपत नाहीं. आणि त्या फरकामुळेंच मंदिरावरून गेलेला काळ पाहणाऱ्यास दिसतो. ध्वनींतहि काळाची अशी खूण उमटते. जुन्या तबकडीची खरखर ही ती खूण होय.

१९०२ सालीं कलकत्त्यास गायझबर्ग यांनीं गौहरजान यांचें गायन तबकडीवर उतरविलें. पुढें घरोघरीं पोंचलेल्या लाखेच्या तबकड्या मिनिटास सुमारें ७८ फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच मावत. अब्दुल करीम खां व बालगंधर्व यांचें गाणें पुढील पिढ्यांस भेटलें तें याच मर्यादेंत. सुई खांचेंतून घासत जाई, आणि मिश्रणांतील कठीण भुकटी, धूळ व ओरखडे यांमुळें खरखर उत्पन्न होई. त्या काळीं ती केवळ दोष मानली जाई.

कलावंतांनीं पुढें या यंत्रास व त्याच्या दोषांसहि साधन केलें. जॉन केज यांनीं १९३९ मध्यें तबकड्यांचा वेग बदलून त्यांस वाद्याप्रमाणें वापरलें. १९४८ मध्यें पॅरिसच्या नभोवाणींत पिएर शेफर यांनीं आगगाडीच्या मुद्रित आवाजांतून रचना केली. क्रिश्चन मार्क्ले यांनीं १९८५ मध्यें वेष्टनाविना विकावयाची तबकडी काढली. तिच्यावर बसणारी धूळ व पडणारे ओरखडे हे त्या कृतीचेच भाग. नवें व निर्दोष तेंच सुंदर, हा आग्रह सोडून जुन्याचें अवतरण करणें आणि माध्यम उघडें ठेवणें, ही उत्तर-आधुनिक सौंदर्यदृष्टि यांत स्पष्ट दिसते.

परंतु येथें विवेक हवा. आज संगणकाच्या साह्यानें नव्या गाण्यांतहि खरखर मिसळतां येते. जी झिजेंतून आलेली नाहीं, ती तरुण चेहऱ्यावर रंगविलेली सुरकुती होय. उलट, जुनें मुद्रण अति शुद्ध करूं गेल्यास खरखरीबरोबर आवाजांतील सूक्ष्म स्वरांशहि पुसले जातात.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा तबकड्या असतील, त्यांनीं त्यांची नवी प्रत करवितांना एक प्रत मुळाप्रमाणें, खरखरीसह, अवश्य राखावी. शुद्ध प्रत पुन्हां केव्हांहि करतां येईल. पुसलेला स्वर मात्र परत आणतां येणार नाहीं.