नावानं लावा, नात्यानं कमळपक्षी

रोवणी आटोपत आली की आमच्या सिंदेवाही तालुक्यात दिवस मावळताना धानाच्या बांध्यांमधून एक आवाज सुरू होतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर हळूच फुंकर मारावी तसा. ऊक... ऊक... ऊक. लहानपणी मी तो बेडकाचाच समजत असे. चौथीत होते तेव्हा धुऱ्यावर उभं राहून बाबांनी सांगितलं, "पाखरू आय थे. बोल्ते ते मादी. नर अंड्यावर बसला आय."

मला ते पटलंच नाही. गातो तो नर, नटतो तो नर, हे मोरावरून सगळ्यांना ठाऊक. पुढं प्राणिशास्त्र शिकले, गडचिरोली जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि बाबांचा शब्द न् शब्द खरा निघाला.

हा रंगीत पाणलावा. लांबी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं. मादी नराहून मोठी आणि देखणी. गळा नि मान गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरी कड मागे स्वल्पविरामासारखी ओढलेली, खांद्यावरून उतरलेला पांढरा पट्टा. नर मळकट, पंखांवर पिवळसर ठिपके. मादी हाळी घालून नराला बोलावते, बहुधा चार अंडी घालते आणि निघून जाते, पुष्कळदा दुसरा नर शोधायला. अंडी उबवणं, पिल्लं फिरवणं, सगळं नराच्या गळ्यात. एकोणीसेक दिवस तो अंड्यांवर असतो.

मागच्या श्रावणात आमच्याच धुऱ्यावर एक घरटं सापडलं. घरटं कसलं, गवताची दाबलेली गादी. पिवळसर अंड्यांवर काळे-तपकिरी डाग असे फासलेले, की चिखल उडालाय असं वाटावं. मी दोन हातांवर येईपर्यंत नर हलला नाही. मग एकाएकी त्यानं दोन्ही पंख पुढं उघडले, शेपटीचा पंखा केला आणि फिस्स असा आवाज काढला. मघापर्यंत मातीच्या रंगाचं असलेलं ते पाखरू पिवळ्या ठिपक्यांनी भरून गेलं, जणू कुणी डझनभर डोळे वटारले. मी मागे सरले. तोही पंख मिटून पुन्हा अंड्यांवर बसला.

आता ह्याच्या नावाकडे या. लावा म्हणजे तित्तिराचा, कोंबडीचा भाईबंद. हा त्या गोतातला मुळीच नाही. पाण्याजवळ राहतो, अंगानं लाव्याएवढा, म्हणून पाणलावा. हेच नाव आणखी एका पाखराला आहे. तो साधा पाणलावा हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि पायाखालून कर्कश ओरडत वेडावाकडा उडतो. दोघांची चोच लांब, दोघं चिखलात राहतात, म्हणून लोकांनी त्यांना सख्खे भाऊ ठरवलं. मीही कित्येक वर्षं वहीत दोघांची नोंद एकाच रकान्यात केली.

शास्त्रज्ञांचंही तसंच झालं. स्वीडनच्या लिनियसनं 1758 साली ह्याला नाव दिलं ते रॅलस बेंगालेन्सिस, म्हणजे थेट पाणकोंबडीच्या गोतात टाकलं. तो भारतात कधी आलेला नव्हता. पण चूक समजण्यासारखी आहे. हा पक्षी गवतात दडतो, चालताना मागचा भाग खालीवर हलवतो, उडताना पाय लोंबते ठेवतो. पाणकोंबडीची ही सगळी लक्षणं. पुढं 1816 मध्ये व्हिएयो ह्या फ्रेंच अभ्यासकानं त्याच्यासाठी रोस्ट्रॅट्युला ही वेगळी प्रजाती केली. आज तो टिटवी, शेकाट्या, सुरय ह्यांच्या गणात आहे, पण कुल त्याचं स्वतःचं. त्या कुलात जगभरात तीनच जाती: आपला, जो आफ्रिका आणि आशियात आहे, एक ऑस्ट्रेलियातला, एक दक्षिण अमेरिकेतला.

मग सगळ्यात जवळचं नातं कुणाशी? विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनए तपासायला सुरुवात झाली आणि उत्तर आलं, कमळपक्षी. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शिंगाड्याच्या पानांवर लांब बोटं पसरून चालणारा, पावसाळ्यात लांब शेपटी मिरवणारा तोच. चोच वेगळी, पाय वेगळे, रंग वेगळे. पाहून कुणी म्हणणार नाही की ही एका घरची पाखरं. पण कमळपक्ष्यातही मादी मोठी, तिला नर अनेक, अंडी चार आणि उबवणारा नर. नुसत्या ह्या रीतीवरून नातं ठरत नाही, हेही मी मुलांना सांगते, कारण लांबच्या काही पक्ष्यांतही ती आढळते. रीत फसवते तशी चोचही फसवते. चिखलात अन्न शोधायचं तर चोच लांब हवी, मग पाखरू कुठल्याही घरचं असो. साध्या पाणलाव्याची चोच सरळसोट, चिखलात खोल खुपसायची. रंगीत पाणलाव्याची टोकाशी किंचित वाकलेली, आणि उथळ पाण्यात ती तो विळ्यासारखी डावी-उजवीकडे फिरवतो. हा फरक मला बांधीतच दिसायला हवा होता.

शाळेमागच्या बोडीच्या पारीवर मी मुलांना उभं करते. एका बाजूला पाण्यावर कमळपक्षी, दुसऱ्या बाजूला धानात पाणलावा, मध्ये एक पार. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ही जागा जुन्या तलावांनी घडवली. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव ह्या नावानं उरले. गाळानं भरले, बेशरमनं वेढले, तरी त्यांच्या पाझरावर बांध्या ओल्या राहतात. धुऱ्यावरचं गवत मात्र झपाट्यानं चाललंय. पूर्वी ते विळ्यानं कापून बैलांना जायचं, बुडखे राहायचे. आता तणनाशकाची एक फवारणी, की आठ दिवसांत धुरा पिवळा पडतो. हे मला फार लागतं. घरट्याला लागतो तो तेवढाच कोरडा तुकडा.

श्रावणात ते घरटं सापडलं त्याच आठवड्यात भाऊ पाठीवर पंप घेऊन निघाला होता. मी त्याला नर दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला, मग दोन काड्या रोवून तेवढा धुरा सोडून पुढं गेला.

पंधराएक दिवसांनी सकाळी गादी रिकामी होती. नर बांधीच्या कडेनं चालला होता आणि मागे पेंढ्याच्या रंगाची, पाठीवर काळ्या रेघांची पिल्लं. बाबांनी धुऱ्यावर बसून मोजली. चारही होती. संध्याकाळी शेजारच्या बांधीतून ऊक, ऊक सुरू झालं.

"आता दुसरा नर पाह्यते थे," बाबा म्हणाले.