चिरा आणि चीर

विजयदुर्गला गेलात की सेल्फी तर काढालच. पण या वेळी जरा तटाजवळ जा आणि दगडावर हात ठेवून बघा. तांबूस, खडबडीत, भोकाभोकांचा. हा जांभा. घर बांधायला कापून काढला की त्यालाच आपण चिरा म्हणतो. १७२० मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी हा किल्ला पडला नाही. आणि २०२० च्या पावसाळ्यात त्याच तटबंदीचा एक भाग ढासळला! तोफांना पुरून उरलेला तट पावसापुढे कसा काय नमतो?

सिव्हिलवाल्यांनो, अर्धं उत्तर तुमच्या जर्नलमध्येच आहे. दगडाची दाबशक्ती तपासताना काही नमुने कोरडे फोडतात, काही तीन दिवस पाण्यात भिजवून. भिजलेल्यांचा आकडा बहुधा कमी येतो, आणि जांभा तर पाणी पिणारा गडी. तसाही तो पैलवान नाहीच. बांधकामाच्या चिऱ्याकडून भारतीय मानक दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन इतकीच ताकद मागतं. एम-२० काँक्रीटकडून २०. तट उभा राहतो तो जाडीवर आणि वजनावर.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र त्या आकड्यात नाही. लॅबमध्ये लोखंडी सळई ओढली की ती आधी लांबते, मध्येच कंबर बारीक होते, मग तुटते. दगड असा इशारा देत नाही. आवाज आला की खेळ खल्लास. ॲलन ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी काचेवर प्रयोग करून याचं कारण सांगितलं: ताण चिरेच्या टोकाशी गोळा होतो. चीर जितकी लांब, तितका कमी ताण तिला पुढे पळवायला पुरतो. म्हणजे चिऱ्याला दाबा, तो दम धरेल. पण आतून फाकवलात तर संपलं. सांध्यात रुजलेला पिंपळ नेमकं हेच करतो, मूळ पाचरीसारखं ठोकून. वर तटाच्या आतल्या भरावात पाणी मुरलं की तेही भिंतीला बाहेर ढकलतं.

मग सिमेंटने भेगा बुजवा की! नको. चुन्यातून ओल बाहेर पडते; कडक सिमेंट ती आतच कोंडतं आणि मग सांध्याऐवजी दगडच फुटतो.

प्रयोग करायचाय? किल्ल्यावर नको, ते संरक्षित स्मारक आहे. घरच्या चिऱ्याच्या कंपाउंडला भेग असेलच. तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवा, दोन्ही टोकं पक्की. शेजारी तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकलेली दिसली, तर भेग अजून चालते आहे.